हरणाऱ्यानं बर्फ आणायचा

दिगू,

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं आहे. जन्म, शिक्षण, नोकरी, खेळातली कामगिरी आणि शेवटी ‘न भरून येणारी पोकळी’. मी बसलो लिहायला. ‘कै. दिगंबरराव’ एवढं लिहिलं आणि पुढे काही सुचेना. कोण हे दिगंबरराव? या नावाच्या गृहस्थांना मी कधी भेटलेलो नाही. मला दिगू माहीत आहे, जो समोर असला की भांडायचा आणि समोर नसला की कुणाच्या तरी हाती निरोप पाठवून भांडायचा. तेव्हा अंकाचं काय व्हायचं ते होवो, मी तुझ्याशीच बोलतो. मध्ये तोंड घालू नकोस, असं तुला म्हणायची मला इतक्या वर्षांची सवय. आता तीच पंचाईत झाली आहे.

परवा तुझं तेरावं झालं. पंगतीत सगळे म्हणत होते, दिगंबरराव म्हणजे शांत माणूस, कधी आवाज म्हणून चढला नाही. मी खाली मान घालून जेवत होतो. सुमनवहिनी आतल्या दाराशी बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनात काय चाललंय ते त्यांना कळलं असणार. तुझा आवाज चढला की माधव नगरातल्या आपल्या गल्लीत समोरची म्हातारी खिडकी लावून घ्यायची. पण गेलेल्या माणसाला शांत करून टाकायची लोकांना फार घाई असते. मला नाही. मला तू भांडताना हवा आहेस, आणि ते आता होणे नाही.

आपलं भांडण कशावरून, हे नव्या मुलांना सांगायचं तर आधी भूगोल शिकवावा लागतो. उज्जैन ग्वाल्हेर संस्थानात, इंदूर वेगळं संस्थान, रतलाम वेगळं, आणि देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती असे एकाच गावात दोन राजे. इंदूरहून उज्जैनला यायचं तर सर्व्हिस मोटारीनं सांवेर ओलांडलं की पुढे सायरचा नाका लागायचा. तिथे उतरायचं, सामान दाखवायचं, जकात भरायची आणि मग पुढे सरकायचं. मावशीकडे निघालेल्या बायका लाडवांचा डबा उघडून दाखवायच्या. एवढ्या सगळ्या हद्दी ओलांडून आपण हॉकी खेळायचो. चार गावांचे चार संघ, हिवाळाभर एकमेकांच्या मैदानांवर, आणि शेवटचा सामना रंगपंचमी उरकल्यावर. देवासचा संघ एकच, पण खेळाडू दोन राजांचे, म्हणून त्यांचा कॅप्टन दर सामन्याला बदलायचा. तू उज्जैनचा सेंटर फॉरवर्ड. मी इंदूरचा गोली. माझं नाव तुला कधी आठवतच नसावं, कारण मंडईत, देवळात, माझ्या साहेबांसमोरसुद्धा तू मला ‘ए गोली’ अशीच हाक मारलीस.

बर्फाची चाल कशी पडली ते तू दर वेळी वेगळं सांगायचास. खरं मी सांगतो. एकदा इंदूरला तुम्ही जिंकलात. खेळ संपल्यावर आम्ही जे सरबत पाजलं ते कोमट होतं. तू पेला हातात धरून सगळ्यांच्या देखत म्हणालास, “हरलात तर हरलात यार, पण गरम पाणी पाजून बदला कशाला घेऊन राहिलात?” आमच्या कॅप्टनला, रघुवीरसिंगला, ते फार लागलं. पुढच्या रविवारी तो तरटात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन मोटारीनं उज्जैनला गेला आणि तुझ्या दारात ठेवून म्हणाला, “ले भाई दिगू, ठंडा कर ले।” एवढंच म्हणाला आणि परत फिरला. तेव्हापासून रीतच पडली, की हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या गावी बर्फ पोचवायचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लीगचे लिहिलेले नियम आपण सगळ्यांनी मिळून मोडले, पण हा कुणी मोडला नाही. गोल झाला का, ऑफसाइड होता का, यावर गावं महिनाभर वाद घालत बसायची, आणि मग एक दिवस तरटाचं गाठोडं दारात आलं की वाद संपला. ज्यानं बर्फ आणला तो हरला. तोंडानं काही म्हणावं लागत नसे.

नाक्यावर मजा व्हायची. नाकेदार जकात लावायला लादी काट्यावर ठेवायचा आणि पावती लिहून होईपर्यंत वजन उतरलेलं असायचं. पुन्हा तोलायचा, पुन्हा उतरलेलं. शेवटी वैतागून म्हणायचा, “ले जाओ भाई, आधा माल तो यहीं जमा हो गया।” आणि तुमची लबाडी तर विचारूच नकोस. तुम्ही हरलात की इंदूरला येऊन इंदूरच्याच कारखान्यातली लादी घ्यायचात आणि टांग्यात घालून आमच्या दारात टाकायचात. मी एकदा हरकत घेतली तर तू म्हणालास, “बर्फ कुठला ते नियमात आहे का? नाही ना? मग घे आणि फोड.” देवासच्या एकानं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, की थंड देशांत बर्फावर हॉकी खेळतात, तिला आईस हॉकी म्हणतात. तो म्हणाला, “वो बरफ पे खेलते हैं, हम बरफ के लिए।” झालं, लोक आपल्या लीगलाही आईस हॉकीच म्हणू लागले. भर मालव्यात, उन्हाच्या तोंडावर.

शेवटचा हंगाम शेवटचा आहे, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. आदल्या पावसाळ्यात स्वातंत्र्य आलं होतं. आपण दोघांनी आपापल्या गावी पेढे वाटले होते. पण देश स्वतंत्र झाला तरी नाका जागच्या जागी होता आणि नाकेदार बर्फ तोलतच होता, त्यामुळे आपल्याला वाटलं, बाकी काही होवो, लीग आहे तशी चालायची. त्या वर्षी शेवटचा सामना उज्जैनला होता, आपल्या दोघांच्या गावांमधला. बरोबरी झालेली. खेळ संपत आला होता, ऊन तिरपं होऊन थेट माझ्या डोळ्यांवर येत होतं. तू डीमध्ये घुसलास. दोघांना चुकवून जो फटका मारलास तो मी पॅडवर घेतला, पण बॉल उसळून माझ्या मागे गेला. मी वळलो आणि बुटाखाली तो दाबून धरला. रेघेवर. मी आजही सांगतो, रेघेवर. तू स्टिक टाकून दोन्ही हात वर करून ओरडत सुटला होतास.

आता रेघ कुठली, तर त्या सकाळी मैदानातून म्हशी गेलेल्या. चुना पुसून गेला होता, नुसता पांढुरका डाग राहिला होता. अंपायर देवासचे एक मास्तर, त्रयस्थ म्हणून आणलेले. ते बिचारे जमिनीवर ओणवे झाले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “आधा इधर है, आधा उधर।” तू म्हणालास, “मास्टरसाहब, ये देवास नहीं है।” सगळं मैदान हसलं. मास्तरही हसले, आणि त्या हसण्यात निकाल राहून गेला. ठरलं असं, की पुढच्या रविवारी इथेच, बरोबरीपासून पुन्हा खेळायचं. आम्ही इंदूरला परत गेलो. बर्फ कुणी कुणाला आणायचा ते ठरलंच नाही.

पुढच्या रविवारी मैदानावर सभा होती. त्याच्या पुढच्या रविवारीही कसली तरी सभा होती. आणि त्या उन्हाळ्यात संस्थानं विलीन होऊन मध्य भारत झाला. ग्वाल्हेर, इंदूर, देवास, रतलाम, सगळं एक. नाका उठला. आपले संघ दरबारांच्या आश्रयावर चालायचे, तो आश्रय गेला. आपण तिघं, तू, मी आणि रघुवीर, नव्या कचेरीतल्या एका साहेबांना भेटायला गेलो, आठवतं? भला माणूस होता. चहा पाजला. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अब तो सब एक हो गए। अब आपस में क्या खेलना?” चूक असं तो काहीच म्हणाला नव्हता. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर तू तुझं नेहमीचं वाक्य म्हणालास, “हद्द झाली.” आणि मग तुझं तुलाच हसू आलं, कारण हद्दच तर गेली होती.

त्या वेळचं ते गोंधळलेपण मला अजून नीट सांगता येत नाही. नाके उठावेत असं आपल्यालाच वाटत होतं. लाडवांचे डबे उघडून दाखवायचे दिवस संपले, याचा आनंद आपल्यालाही झाला होता. तक्रार करायची तर कुणाकडे आणि कशाची? वाईट असं काही घडलंच नव्हतं. फक्त आपला अर्धा खेळ कुठेतरी राहून गेला होता, आणि एवढ्या मोठ्या गोष्टी चालू असताना त्याबद्दल बोलायचीही लाज वाटायची.

मग माझी बदली उज्जैनला झाली. इंदूरच्या माणसाला तेव्हा उज्जैन परकंच. मी बायको, आई आणि ट्रंका घेऊन स्टेशनवर उतरलो तर तू टांगा घेऊन उभा. कुणी सांगितलं होतं तुला? तू माझ्या आईला हात धरून टांग्यात बसवलंस, माझी मोठी ट्रंक उचललीस आणि म्हणालास, “चल गोली, आता तू आमच्या राज्यात आला. आता तर मानशील, गोल झाला होता.” मी म्हणालो, “नाही.” तू म्हणालास, “मग ट्रंक तूच उचल.” पण ठेवली नाहीस. फ्रीगंजमार्गे तू आम्हाला थेट तुझ्याच घरी नेलंस, आणि जागा मिळेपर्यंत आम्ही तुमच्याकडेच राहिलो. वहिनींनी कधी कपाळाला आठी पाडली नाही. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्यात ती पद्धतच नव्हती. आता लिहितो आहे, तर तुला वाचता येत नाही.

आणि माझी आई. तिची नजर गेल्यावर तू रोज कचेरीतून येताना आमच्याकडे वळायचास आणि तिला पोथी वाचून दाखवायचास. मला वाटायचं, केवढी भक्ती. एक दिवस मी लवकर घरी आलो तर तू अध्यायाच्या मध्येच थांबून तिला सांगत होतास, “काकू, बॉल पूर्ण आत होता हो. तुमचा मुलगा मानतच नाही.” आणि आई म्हणत होती, “तो लहानपणापासून असाच हट्टी आहे रे.” माझ्या घरात, माझ्या आईला तू फितवलंस. ती जाण्याआधी तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, “त्या दिगूचं ऐक एकदा.” मला वाटलं, काहीतरी संसाराचं असेल. नंतर लक्षात आलं, ती गोलाबद्दल बोलत होती. ती गेली त्या दिवशी तू अंगणात बसून लहान मुलासारखा रडलास, आणि मी तुला धीर देत होतो. खरं म्हणजे उलट व्हायला हवं होतं.

राहिलेला सामना खेळायचाच, हे आपण दर हिवाळ्यात ठरवायचो. एका वर्षी मैदानावर फाळणीत बाहेरून आलेल्या लोकांचे तंबू होते. त्यांना कोण उठवणार, आणि कशासाठी? मग निवडणुका आल्या. मग सिंहस्थ आला. मग रतलामचे गेले, देवासचे पांगले, मास्तर कुठे गेले ते कळलं नाही. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला, तिच्यामागे अर्धे खेळाडू फाईलींचे गठ्ठे घेऊन फिरत होते. आपण मात्र रोज संध्याकाळी तुझ्या ओट्यावर बसून तो एक फटका पुन्हा खेळायचो. तू काडीनं मातीत रेघ मारायचास, सुपारी बॉल म्हणून ठेवायचास. मी सुपारी रेघेवर सरकवायचो, तू आत ढकलायचास. शेवटी वहिनी सुपारी उचलून घेऊन जायच्या.

मग राज्यांची पुन्हा नवी मांडणी झाली. मध्य भारत गेला, मध्य प्रदेश झाला, आणि राजधानी भोपाळला. तुझा मुलगा वसंत कचेरीबरोबर भोपाळला गेला. होळीच्या सुमाराला माझाही हुकूम आला. मी तुला दाखवला. तू वाचलास आणि घडी घालून परत दिलास. मग म्हणालास, “म्हणजे आता खेळायलाच पाहिजे.” या वेळी तू ऐकलं नाहीस. इंदूरला जाऊन रघुवीरला भेटलास. जे उरले होते त्या सगळ्यांकडून होकार घेतलास. कुणाचं पोट सुटलं होतं, कुणाचा गुडघा गेला होता. “बॉल त्यांच्यापेक्षा हळू जाईल, चिंता नाही,” असं तू म्हणालास. मैदान मिळवलंस. महिन्यानंतरचा एक रविवार ठरवलास. आणि मैदानावर स्वतः चुना मारायला गेलास. मी विचारलं, एवढ्या लवकर कशाला? म्हणालास, “या वेळी रेघ मी मारीन. जाडच मारीन. आता लफडं नको.”

त्याच आठवड्यात तुला ताप भरला. आधी कुणी मनावर घेतलं नाही, तू तर नाहीच. मग डॉक्टर म्हणाले, मुदतीचा ताप आहे. तो उतरला, आपण सगळे हसलो, वहिनींनी मुगाचं पाणी दिलं, आणि तो पुन्हा उलटला. तू बडबडू लागलास. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर बर्फ ठेवत राहा, बर्फाला खंड पडू देऊ नका. बर्फ आणायचं काम माझ्याकडे आलं. दुसरं माझ्या हातात होतं तरी काय?

दोन-तीन दिवस फ्रीगंजात मिळाला. मग लग्नसराई आली आणि दुकानदार म्हणाला, “बाबूजी, इधर की मशीन बैठ गई है। बरफ अब इंदौर से ही आएगा, वो भी कल-परसों।” कल-परसों म्हणायची सोय नव्हती. मी पहिल्या मोटारीनं इंदूर गाठलं, कारखान्यातून लादी घेतली, भुशात घातली, वरून तरट बांधलं आणि पुढची मोटार धरली. मोटारीत ती पायांशी ठेवली होती. सांवेर गेलं. पुढे जुन्या नाक्याची जागा आली. चौकीच्या भिंती अजून आहेत, आत कुणीतरी चहाचं दुकान टाकलंय. मोटार थांबलीसुद्धा नाही. त्या नाक्यानं आपला किती बर्फ खाल्ला म्हणून आपण त्याला शिव्या द्यायचो. आता अडवणारं कुणी नव्हतं, रस्ता मोकळा होता, आणि लादी तरीही पाघळत होती. मोटारीच्या तळाशी पाणी वाहत होतं, शेजारचा माणूस पाय वर घेऊन बसला होता. मी तरट दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, जणू दाबल्यानं ते थांबणार होतं.

उज्जैनला देवास गेटवर उतरून टांगा केला आणि गाठोडं उचलून तुझ्या खोलीत आलो. वहिनी उशाशी बसल्या होत्या. तू डोळे उघडलेस. त्या दिवशी तू प्रथमच ओळखलंस मला. माझ्याकडे बघितलंस, माझ्या हातातल्या तरटाकडे बघितलंस.

“गोली,” तू म्हणालास, “बर्फ आणला?”

“हो.”

“कुठून?”

“इंदूरहून.”

तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जन्मभर विसरणार नाही. सुकलेल्या ओठांनी तू हसलास. “म्हणजे झाला होता,” तू म्हणालास.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काय हवं होतं ते मला कळत होतं. एक शब्द पुरे होता, आणि तो शब्द द्यायला मला काही पडणार नव्हतं. मी तरटाची गाठ सोडली, एक तुकडा फोडला, फडक्यात गुंडाळला आणि तुझ्या कपाळावर ठेवला.

“नव्हता झाला,” मी म्हणालो. “हा औषधाचा बर्फ आहे. नियमात बसत नाही. रविवारी बरा होऊन मैदानात ये, मग बघू.”

तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं, ऐकलं नाही. मग ओठ हलले. “हद्द झाली,” तू म्हणालास. त्यानंतर तू कुणाशी काही बोलला नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन अंगणात यायच्या आत, तू गेलास. मी तिथेच होतो. डॉक्टर होते. लादीही अजून थोडी शिल्लक होती. सगळं होतं आणि कशाचाच उपयोग नव्हता. गोलीला बॉल आपल्या बाजूनं जाताना दिसतो, हात पुढेही जातो, पण तो पोचणार नाही हे हाताला आधीच कळलेलं असतं. तसं माझं सकाळपासून चाललं होतं.

वसंतला भोपाळला तार केली. तो येईपर्यंत थांबायचं ठरलं, आणि त्या उन्हात थांबायचं म्हणजे पुन्हा बर्फ. गावात नव्हताच. मी पोस्टात जाऊन इंदूरला रघुवीरच्या दुकानाशेजारी ट्रंक कॉल लावला. नीट ऐकू येत नव्हतं. मी ओरडून सांगितलं, दिगू गेला, बर्फ पाठव. पलीकडून फक्त “अच्छा” ऐकू आलं.

दुपारी दारात एक लॉरी थांबली. मला वाटलं, एखादा हमाल आला असेल. उतरला तो रघुवीर. त्याच्या मागून आमचे बॅक, आमचा राइट आउट, ज्याचा गुडघा गेलाय तो, आणि ज्याचं पोट सुटलंय तो. रविवारी जे खेळायला येणार होते ते सगळे. प्रत्येक जोडीच्या हातांत तरटात बांधलेली लादी. अंगाखांद्यावरून पाणी गळत होतं, सदरे भिजले होते. त्यांनी हमाल केला नव्हता. एकामागून एक आत आले आणि तुझ्या दोन्ही बाजूंना लाद्या लावत गेले. शेवटची रघुवीरनं ठेवली. तो तुझ्या पायाशी थोडा वाकून उभा राहिला आणि म्हणाला, “ले भाई दिगू।” पुढचं त्याला म्हणता आलं नाही.

अख्ख्या इंदूरच्या संघानं तुझ्या घरी बर्फ आणला, दिगू. ते नियमात बसतं. माझ्याशिवाय सगळ्यांनी आणला. मी भिंतीला टेकून उभा होतो. वसंत आला, दिवस मावळायच्या आत आपण सगळे चक्रतीर्थाच्या स्मशानघाटावर गेलो. परत आलो तेव्हा ओटी ओली होती, आणि शेजारच्या बायका बर्फाचं पाणी काढत होत्या.

काल संध्याकाळी मैदानावर गेलो होतो. पाऊस नाही, म्हशी नाहीत, त्यामुळे तू मारलेली रेघ अजून जशीच्या तशी आहे. खरंच जाड मारलीस. या रेघेवरून कुणाला वाद घालताच आला नसता. मी जाऊन गोलमध्ये उभा राहिलो. समोर काही पोरं पतंगाच्या मागे धावत होती, त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पुढच्या आठवड्यात मी भोपाळला जातोय. सामान बांधून झालंय. या वेळी स्टेशनवर माझी ट्रंक उचलायला कुणी येणार नाही, हे मला कळतं, तरी ट्रंक बांधताना मी ती तुला पेलेल एवढीच भरली.

निघण्याआधी वहिनींना भेटून आलो. त्यांनी ती सुपारी मला दिली, ओट्यावरची. म्हणाल्या, ही घेऊन जा, इथे आता कोण बसणार. मग म्हणाल्या, “त्या दिवशी एकदा हो म्हणाला असतात, तर ते सुखानं डोळे मिटते.” रागानं नाही म्हणाल्या. त्यांचं बरोबरच आहे.

म्हणून तर मी नाही म्हणालो.